कुठून निघाला, कुठे वळला

"टॉवेल पडला," मास्तर म्हणाले.

"बॉल मात्र गेला की!"

"बॉल जातोच, बाई. त्याला जाण्यावाचून इलाज नसतो. टॉवेल उचला."

दंतवैद्य बाईंनी टॉवेल उचलला, झटकला आणि पुन्हा डाव्या काखेत दाबून धरला. सकाळचे साडेसात झाले होते. त्यांचा दवाखाना दहाला उघडायचा. त्याआधी आठवड्यातून तीन दिवस त्या गोल्फच्या सरावाच्या मैदानावर येऊन सात नंबरच्या खणात उभ्या राहायच्या. असे अठरा खण एका ओळीत होते. वर पत्रा, खाली हिरवी रबरी मॅट, बाजूला बॉलची बादली आणि समोर तीनशे पावलांचं गवत. गवत संपलं की उंच जाळी. जाळीच्या खांबांपैकी मधला पांढरा रंगवलेला होता; नेम त्याच्यावर धरायचा.

"दोन्ही पाय जवळ," मास्तर म्हणाले. "अजून जवळ. रांगेत उभ्या असल्यासारख्या. आता अर्धाच स्विंग. क्लब कंबरेपर्यंत मागे, कंबरेपर्यंत पुढे. पुढे गेल्यावर डावा तळहात कुठे बघतो?"

"आकाशाकडे?"

"मला विचारू नका, हाताला विचारा."

बाईंनी मारला. आवाज छान आला. भरीव, छोटा, फळीवर खिळा एका ठोक्यात बसावा तसा. मास्तर आपल्या लोखंडी खुर्चीत बसले होते, मान जराशी उजवीकडे कलती.

"वळला का?"

"नाही," बाई म्हणाल्या, आणि स्वतःच्याच उत्तरावर खूश झाल्या. "मास्तर, अजिबात नाही वळला!"

"मग? काय सांगत होतो?"

बॉल वळणं हेच बाईंचं दुखणं होतं. तीन वर्षं त्यांचा प्रत्येक बॉल झोकात निघायचा आणि अर्ध्या वाटेवर काहीतरी आठवल्यासारखा उजवीकडे वळून झाडीत जायचा. गोल्फमध्ये याला स्लाइस म्हणतात. या मैदानावर मात्र त्याला 'केळं' म्हणत, कारण तीन नंबरच्या खणातल्या आजोबांनी तसं नाव ठेवलं होतं. बाईंची नणंद गोल्फ चांगली खेळायची. दर वर्षी दोघींचा एक सामना व्हायचा, नणंद जिंकायची आणि मग वर्षभर कोणाच्याही घरी जेवणानंतर केळी आली की सगळ्यांदेखत विचारायची, "वहिनी, सोलून देऊ की तुझं तू आणलंयस?"

यंदाचा सामना रविवारी होता.

मास्तरांची पद्धत सव्वीस वर्षांत बदलली नव्हती. स्लाइस घालवायचा तर दोन गोष्टी दुरुस्त कराव्या लागतात: क्लबचं तोंड, म्हणजे काठीच्या टोकाचा सपाट भाग कुठे बघतो ते, आणि क्लबची वाट, म्हणजे काठी कुठून कुठे फिरते ते. वाट बाहेरून आत, म्हणजे डावीकडे कापत येते आणि तोंड त्या वाटेच्या मानाने उघडं राहतं. मग बॉलला तिरकी फिरकी बसते आणि तो उजवीकडे वाकतो. मास्तर आधी तोंड घेत. काखेत टॉवेल, पाय जवळ, अर्धा स्विंग, तळहात आकाशाकडे; हे झालं की तोंड वेळेवर मिटायला लागतं.

"तोंड उघडं, तोंड बंद, हे तर माझ्याच धंद्यातलं आहे," बाई पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या.

"तुमच्या धंद्यात उघडावं लागतं. इथे बंद."

तोंड दुरुस्त झालं आणि वाट तशीच राहिली, तर बॉल वळायचा थांबतो, पण निघतानाच डावीकडे निघतो आणि तिकडेच जातो. मास्तर या खुणेची वाट बघत. ती दिसली की ते खणाच्या फळीवरून बॉलचा रिकामा खोका काढत आणि मॅटवर बॉलच्या जरा पलीकडे ठेवत. बाहेरून येणारा क्लब खोक्यावर आदळायचा. चार खोके फुटले की माणूस आपोआप आतून यायला शिकायचा. औषधाचा हा दुसरा अर्धा भाग होता.

बाईंच्या बाबतीत खोका फळीवरच राहिला होता. कारण ती खूण मास्तरांना दिसली नव्हती. पाच महिन्यांपासून त्यांना बॉलच दिसत नव्हता.

मॅटवर असेपर्यंत तो दिसायचा, जरा तिरकं बघितलं तर. आवाज झाला की नाहीसा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना चौकटींचा एक कागद दाखवला होता, मध्ये ठिपका असलेला. "ठिपक्याकडे बघा आणि काय दिसतं ते सांगा." मास्तरांना कडेच्या चौकटी स्वच्छ दिसल्या. मधली चार-पाच घरं मात्र ओल्या फडक्याने पुसल्यासारखी. पडद्याचा मधला भाग झिजतोय, डॉक्टर म्हणाले. कडेचं राहील. चालता-फिरता येईल, जेवता येईल, माणसं ओळखू येतील. गेलेलं परत येणार नाही आणि हळूहळू बारीक काम जाईल.

"बॉल बारीक कामात येतो का?" मास्तरांनी विचारलं होतं.

"केवढा बॉल?"

मास्तरांनी अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं होतं. डॉक्टरांनी चौकटींचा कागद घडी घालून बाजूला ठेवला होता.

ही गोष्ट फक्त त्यांच्या बायकोला माहीत होती. मैदानाच्या मॅनेजरशी मास्तरांचा करार वर्षावर्षाचा होता आणि या महिन्याअखेर नवा व्हायचा होता. तो झाला की सांगू, असं मास्तरांनी ठरवलं होतं. तोवर निभत होतं, ते तीन नंबरच्या आजोबांमुळे. आजोबांचा सगळा जन्म लिलावात पुकारा करण्यात गेला होता. आता ते रोज सकाळी वीस बॉल मारायचे आणि दोन तास इतरांच्या बॉलचा पुकारा करायचे. "सातवाल्या बाई, डावीकडून निघाला! मध्ये आला! अरे अरे, गेला उजवीकडे! केळं! मोठं केळं!" लोक हसायचे, वैतागायचे. मास्तर कान देऊन ऐकायचे आणि त्यावरून शिकवायचे. पाच महिन्यांत एकही शिष्य बिघडला नव्हता.

तीन आठवड्यांपूर्वी आजोबा मुलीकडे राहायला गेले.

मग मास्तर स्वतःच विचारायला लागले. विचारायचा प्रश्न कोणता, तर ज्याची इतकी वर्षं चिंता केली तोच. "वळला का?" बाई म्हणायच्या, "नाही." दोघंही समाधानी. बॉल कुठून निघाला हे मास्तरांनी एकदाही विचारलं नाही. आणि तीन वर्षं ज्या बाईने फक्त वळणारे बॉल बघितले तिला, न वळणारा बॉल आपल्या जागेवरून किती डावीकडे जातोय, हे बघायचं सुचलंही नाही.

"रविवारी जिंकून या," मास्तर त्या दिवशी म्हणाले. "आणि नणंदेला माझा नमस्कार सांगा."

सोमवारी बाई आल्या, तेव्हा क्लबची पिशवी त्यांनी ठेवली नाही, टाकली.

"नमस्कार सांगितला तुमचा," त्या म्हणाल्या. "पहिलाच बॉल डावीकडच्या झाडीत गेला. तिथल्या तिथे. वळला नाही, काही नाही, दोरी लावल्यासारखा गेला झाडीत. दुसराही. नववा तळ्यात. नणंद म्हणाली, वहिनी, केळं गेलं, आता काकडी आली वाटतं. मास्तर, ती चार तास हसत होती! तिच्या पोटात दुखलं हसून!"

पहिल्या वाक्यालाच मास्तरांना सगळं कळलं होतं. तोंड बरं झालं होतं आणि वाट तशीच होती. आपल्या हाताखाली एक माणूस सहा धडे चुकीच्या जागी बॉल पाठवत होतं आणि आपण शाबासकी देत होतो.

हे सांगायला तोंड उघडलं, आणि त्यातून दुसरंच बाहेर पडलं.

"सामन्याच्या दिवशी माणूस घाई करतो. तुम्ही खांदा आधी फिरवला असेल. मान वर केली असेल."

बाई म्हणाल्या, "असेल. मलाही वाटलंच, माझंच काहीतरी चुकलं. इथे तर सगळे बरोबर जात होते." आणि चिडलेला चेहरा उतरून त्या जागी एखाद्या शहाण्या विद्यार्थिनीचा आला. "अजून दहा धडे घेते मी. तुम्ही सांगाल तसं."

मास्तरांनी त्या दिवशी त्यांना पाय जवळ घेऊन अर्धे स्विंग मारायला लावले. एकदाही काही विचारलं नाही.

संध्याकाळी चहा घेताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती एका छापखान्यात कागद कापायच्या यंत्रावर काम करायची. एका दाबात पाचशे कागदांचा गठ्ठा कापणारी लांब पाती, आणि तिच्यासमोर अठरा वर्षं उभी असूनही दहाही बोटं शाबूत. या दहा बोटांचा तिला अभिमान होता.

"न वळता गेला, तरी चुकला?" तिने विचारलं.

"निघतानाच डावीकडे निघाला. मग वळला नाही तर काय उपयोग?"

"आमच्याकडे नवीन पोरी असंच करतात. कडेला पट्टी लावून मला दाखवतात, बघा ताई, केसभर फरक नाही. नसतोच. पाती काय, नीटच कापते. पण गठ्ठा मागच्या टेकूला भिडवलेला नसतो. अख्खा गठ्ठा सुबक कापलेला आणि अख्खा गठ्ठा रद्दीत." तिने बशी सरकवली. "तुम्ही तिला काय विचारत होतात?"

"वळला का."

"आणि टेकूचं कोण विचारणार होतं?"

मास्तरांनी कपात उरलेला चहा संपवला.

"बरं, ते राहू द्या. चूक झाली. पण तिच्या माथी का मारलीत?"

"करार व्हायचाय अजून, अगं. एकोणीस दिवस राहिलेत."

"अहो, फोनवर लोकांना तुम्ही काय सांगता ते ऐकून ऐकून मला पाठ झालंय. बॉल उजवीकडे वळतो म्हणून माणूस घाबरून डावीकडे तोंड करून उभा राहतो. डावीकडे उभा राहिला की क्लब आणखी कापत येतो आणि बॉल आणखी वळतो. मग तो आणखी डावीकडे वळून उभा राहतो. बरोबर?"

"बरोबर."

"शेवटी पाठ कुठे होते त्याची?"

"मैदानाकडे," मास्तर म्हणाले. हा त्यांचा स्वतःचा विनोद होता. गेली सव्वीस वर्षं लोक त्याला हसत आले होते.

बायको हसली नाही. तिने कप उचलले आणि विसळायला घेतले.

बुधवारी बाई येण्याआधीच मास्तर सात नंबरमध्ये होते. त्यांनी फळीवरचा खोका काढून खाली ठेवला होता. मॅटवर पांढऱ्या खडूची पूड पसरली होती. ही युक्ती त्यांनी तरुणपणी वापरली होती आणि नजर तेज होती तोवर विसरूनही गेले होते.

"हे काय नवीन?" बाई म्हणाल्या.

"हे जुनं आहे. नवीन सांगतो ते ऐका. रविवारी तुमचं काही चुकलं नव्हतं. मी जसं शिकवलं तसंच तुम्ही मारलंत. मी अर्धंच शिकवलं होतं. कारण तुमचा बॉल कुठे जातोय हे मला दिसत नव्हतं. मला बॉल दिसतच नाही. पाच महिने झाले."

बाईंनी हातमोजा अर्धा चढवला होता, तो तसाच राहिला.

"तरी मी म्हणत होते," त्या सावकाश म्हणाल्या. "मास्तर माझ्याशी न बोलता माझ्या कानाशी का बोलतात."

"कानाकडे बघितलं तरच चेहरा दिसतो."

"आणि परवा मला म्हणालात, मान वर केली असेल."

"खोटं बोललो."

"मी दोन दिवस आरशासमोर मान खाली ठेवून उभी होते! नवरा विचारत होता, मान आखडली का!" बाईंचा आवाज चढला आणि शेजारच्या खणातला माणूस वळून बघायला लागला. त्यांनी मोजा पूर्ण चढवला, बोटं एकेक करून ओढली, हवी त्यापेक्षा जरा जास्तच जोरात. "माझ्याकडे पेशंट येतात ना, दुसऱ्याने भलताच दात काढलेले. मी त्यांना सांगते, परत त्या डॉक्टरकडे जाऊ नका."

"दुसरे मास्तर आहेत गावात," मास्तर म्हणाले. "मी नंबर देतो."

"पण त्या डॉक्टरांपैकी एकानेही अजून पेशंटला सांगितलेलं नाही, की बाबा, माझ्याकडून चुकलं." त्या मॅटवर येऊन उभ्या राहिल्या. "आता मी काय करायचं ते सांगा. आणि नणंदेसमोर परत काकडी नको."

मास्तरांनी खुर्ची उचलली. सव्वीस वर्षं ती मैदानाकडे तोंड करून असायची. सिमेंटमध्ये तिच्या पायांचे चार खळगे पडले होते. त्यांनी ती फिरवून बाईंकडे तोंड आणि मैदानाकडे पाठ केली. नव्या जागी ती जरा डगमगली.

"प्रत्येक बॉलला दोन प्रश्न," ते म्हणाले. "कुठून निघाला आणि कुठे वळला. उत्तर आधी द्यायचं, मग मान वर करून बघायचं."

"न बघता कसं सांगू?"

"हातांना कळलेलं असतं. आपण त्यांना बोलू देत नाही."

बाईंनी मारला. थोडा वेळ मान खालीच ठेवली. "मधून निघाला असेल. वळला नसेल." मग बघितलं. "डावीकडून! चांगलाच डावीकडून! वळला नाही."

मास्तर खाली वाकले आणि मॅटवरच्या खडूत क्लबने ओढलेल्या पट्ट्यावरून बोट फिरवलं. पट्टा बॉलच्या जागेवरून डावीकडे तिरका गेला होता. बोटाला तो डोळ्यांपेक्षा नेमका कळत होता, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. वाट इतकी डावीकडे. वळला नाही, म्हणजे तोंडही वाटेबरोबरच तितकंच डावीकडे. बाईंनी दोनपैकी एकच उत्तर दिलं असतं तरी दुसरं आता त्यांना सांगता आलं असतं. वाट, निघणं आणि वळणं; तीन गोष्टींपैकी दोन हातात असल्या की तिसरी कुठे पळणार?

"खोका ठेवा बॉलच्या पलीकडे. उजवा पाय वीतभर मागे. आणि पांढऱ्या खांबाच्या उजव्या हाताला जो खांब आहे ना, त्याच्या दिशेने हात फेकायचे."

पहिला खोका पहिल्याच स्विंगला फुटला. दुसरा तिसऱ्याला. साडेनऊ वाजता बाईंनी एक बॉल मारला, मान खाली ठेवूनच म्हणाल्या, "किंचित उजवीकडून निघाला आणि आत आला," आणि मग वर बघून जे ओरडल्या, त्याने अकरा नंबरवाल्याचा बॉल चुकला.

त्याच दुपारी मास्तर मॅनेजरच्या खोलीत गेले आणि बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं.

मॅनेजर चाळिशीचा, नेटका माणूस होता. त्याने पेनचं टोपण लावलं. "मास्तर, मला वाईट वाटतं. खरंच. पण लोक पैसे देतात ते बघणाऱ्या माणसाला. न बघणाऱ्याला मी कसा ठेवू?"

"उद्या सकाळी सातला दहा मिनिटं द्या. कोणीही दहा बॉल मारू दे. मी मैदानाकडे पाठ करून बसतो. रोग सांगता आला नाही, तर करार राहू दे."

"कोण मारणार?"

"तुम्हीच मारा, साहेब. तुम्हीही मारता की, सगळे गेल्यावर."

मॅनेजरचे कान जरा लाल झाले. मास्तर कानांकडेच बघत होते.

सकाळी सातला मॅनेजर सात नंबरमध्ये आला. खडू पसरलेला होता, खुर्ची पाठमोरी होती. त्याने पाच बॉल मारले. मास्तर हात मांडीवर ठेवून ऐकत राहिले. पाचव्यानंतर त्यांनी वाकून पट्ट्यांवरून बोट फिरवलं, मग मॅनेजरच्या बुटांच्या टाचा कुठे टेकल्या होत्या ते चाचपलं.

"कुठून निघाला?"

"मधून."

"सगळे?"

"सगळे."

"कुठे वळला?"

"वळला नाही फारसा. जवळजवळ नाहीच."

मास्तरांनी बोट पुन्हा पट्ट्यावर ठेवलं. "साहेब, रागावू नका. तुमची वाट डावीकडे आहे. बरीच डावीकडे. माझं बोट आहे तिच्यावर. मधून निघाला म्हणता, तर तोंड मधल्या खांबाकडे होतं. तोंड एकीकडे आणि वाट दुसरीकडे असली तर बॉल वळल्याशिवाय राहत नाही. तो उजवीकडे वळलाच पाहिजे. तुम्ही सांगता ती दोन उत्तरं आणि ही मॅट, तिघं एकदम खरं बोलू शकत नाहीत. आणि मॅटला करार करायचा नाहीये."

मॅनेजरने क्लबचं टोक बुटावर पुसलं.

"शेवटचा कुठे गेला?"

"उजवीकडच्या जाळीत," मॅनेजर पुटपुटला.

"आणि त्याच्या आधीचा?"

"केळं!" तीन नंबरच्या खणातून खणखणीत आवाज आला. आजोबा आदल्या रात्री परतले होते आणि पिशवीसुद्धा न उघडता खांबाला टेकून बघत होते. "पाचच्या पाच केळी! घड आहे, घड! बोला, कोण घेतो?"

मॅनेजर आधी लाल झाला, मग स्वतःच हसला. हसता हसता त्याने सहावा बॉल मॅटवर ठेवला. "बरं, मास्तर. आता औषध सांगा."

"आधी उभं राहणं. तुम्ही डावीकडे तोंड करून उभे आहात, बॉल उजवीकडे जातो म्हणून. किती वर्षं?"

"आठ."

"अजून आठ वर्षांनी तुमची पाठ कुठे होईल?"

मॅनेजरने मान वर केली. समोर मास्तर बसले होते, मैदानाकडे पाठ करून. तो काही बोलणार होता, पण मास्तरांनीच हाताने त्याचा खांदा धरून त्याला मधल्या खांबासमोर आणलं.

करार झाला. त्यातली एक ओळ मास्तरांनी स्वतः खोडायला लावली: शनिवारची लहान मुलांची तुकडी. बारा मुलं, बारा क्लब; तिथे मॅट चाचपून चालत नाही. कोण कोणाच्या मागे उभं आहे, हे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. मॅनेजर म्हणाला, एखादा मदतनीस देतो. मास्तर म्हणाले, नको. ही तुकडी त्यांनी सोळा वर्षांपूर्वी स्वतः सुरू केली होती. पुढच्या शनिवारी ते घरीच होते. बायकोने विचारलं, काय करताय, तर म्हणाले, भाजी निवडतोय. तिने बघितलं तर चांगल्या शेंगा एका ढिगात होत्या आणि किडक्या दुसऱ्यात. एकही चुकलेली नव्हती. तिने ते दोनदा तपासलं.

दीड महिन्यानंतर एका सोमवारी बाई आल्या. पिशवी त्यांनी नीट, हळू टेकवून ठेवली.

"परतीचा सामना मागून घेतला होता, तो काल झाला," त्या म्हणाल्या.

"मग? काय म्हणाली नणंद?"

"काही नाही म्हणाली."

"काहीच नाही?"

"मास्तर, अठरा होलमध्ये काही म्हणाली नाही! घरी जेवायला आली, फळं ठेवली, तरी काही म्हणाली नाही. नवरा मला विचारतो, ताई बरी आहे ना?"

मास्तर खो खो हसले. तिकडून आजोबांनी विचारलं, काय झालं, आणि बाईंनी तेच सगळं पुन्हा मोठ्या आवाजात सांगितलं.

धडा संपला तेव्हा बादलीत एकच बॉल उरला होता. बाईंनी तो मॅटवर ठेवला आणि क्लब मास्तरांपुढे धरला.

"मी तुम्हाला मारताना कधी बघितलेलंच नाही."

मास्तरांनी नको म्हणून बघितलं. मग उठले. क्लब हातात घेतल्यावर त्यांची मान, जी एरवी कलती असायची, बरोबर बॉलवर आली. तिथे त्यांना बॉल पुसलेलाच दिसणार हे बाईंना आता माहीत होतं. त्यांनी सावकाश मागे नेला आणि मारला. आवाज इतका लहान आला की आजोबांनी बोलणं अर्ध्यावर थांबवलं.

बाई तोंड उघडणार तेवढ्यात मास्तरांनी हात वर केला. मान अजून खालीच होती.

"थांबा. आधी मी. पांढऱ्या खांबाच्या केसभर उजवीकडून निघाला. आणि शेवटी आत आला."

बाई बॉलकडे बघत राहिल्या. तो वर गेला, टेकल्यासारखा थांबला, किंचित डावीकडे झुकला आणि उतरला. आजोबाही बघत होते आणि, नवल म्हणजे, पुकारत नव्हते.

"बरोबर?"

"बरोबर," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी तोंड मैदानाकडे वळवलं. "पडल्यावर काय झालं?"

"तीन टप्पे घेतले. मग थोडा घरंगळला. दीडशेच्या पाटीच्या जरा पुढे."

"आणि आता?"

समोर गवतावर सकाळपासूनचे चार-पाचशे बॉल पसरले होते, पांढरे, सगळे सारखे. बाईंनी डोळ्यांवर हात धरून शोधलं.

"आता त्यातला तुमचा कुठला, ते नाही सांगता येत."

"ते मला पूर्वीही नाही यायचं," मास्तर म्हणाले, आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून पुढच्या माणसाला हाक मारली.